साठ टक्के, पण कशाचे? ठाण्याच्या एका कुटुंबाची आउटलेट मॉलमधली खरेदी

खरेदीला निघालेलं कुटुंब घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या बाजूला राहतं. माझा चुलतभाऊ, वहिनी, कॉलेजात जाणारा पुतण्या आणि काकू, अशी चार माणसं. निमित्त भाचीच्या लग्नाचं. तुळशीची लग्नं उरकली की लगेचची तारीख. ठिकाण भिवंडी बायपासच्या पुढे, नाशिक महामार्गाला लागून नव्यानेच उघडलेला आउटलेट मॉल. त्याचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे जे मांडलं आहे ते अशा बहुतेक मॉलना कमीअधिक लागू पडतं. वहिनीने मला बरोबर घेतलं ते बिलं वाचायची सवय आहे म्हणून. हिशेब तपासणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. परत आल्यावर सगळी बिलं, टॅग आणि खोके मी ठेवून घेतले आणि प्रत्येक वस्तू ठाण्यात आणि ऑनलाइन कितीला मिळते ते पाहिलं.

दर बिलाच्या तळाशी ‘आज तुम्ही वाचवलेत’ अशी एक ओळ होती. त्या ओळींची बेरीज झाली २३,८५५ रुपये. प्रत्यक्ष मोजलेले पैसे २२,४३४. म्हणजे कागदावर पाहिलं तर खर्चापेक्षा बचतच मोठी. माझ्या हिशेबाने खरी बचत निघाली तीन हजार दोनशेच्या घरात. मधले वीस हजार गेले कुठे, हे शोधणं म्हणजेच हे प्रकरण.

अंतर फुकट नसतं

माजिवडा, खारेगाव, माणकोली, वडपे आणि पुढे. एका बाजूने तीसेक किलोमीटर. माजिवडा ते वडपे पट्ट्यात रस्तारुंदीकरणाची कामं, त्यात कंटेनरच्या रांगा. रविवार सकाळ असूनही पोचायला पावणेदोन तास लागले. गाडीत पुतण्याने साधा प्रश्न विचारला: एवढा मोठा मॉल बांधायचा तर ठाण्यात का नाही बांधत?

जमीन स्वस्त, हे उत्तर खरं आहे पण अर्धंच. भिवंडी-पडघा पट्ट्यात आधीपासून गोदामांचं जाळं आहे. मुंबईत जकात होती तेव्हा तिच्या हद्दीबाहेर माल ठेवणं सोयीचं होतं, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर जकात गेली तरी गोदामं राहिली, वाढली. विकायचा माल शेजारीच पडलेला असला तर दुकान तिथे काढणं सोपं. दुसरं कारण मात्र ब्रँडच्या गणितातलं आहे. ठाण्याच्या मॉलमध्ये जो बूट पूर्ण किमतीला ठेवलाय तोच समोरच्या इमारतीत निम्म्या किमतीला दिसला, तर पूर्ण किंमत देईल कोण? म्हणून मधे अंतर लागतं. ते अंतर चाळणीसारखं काम करतं: ज्याला वेळ महाग आहे तो ठाण्यातच पूर्ण पैसे मोजतो, ज्याला पैसे महाग आहेत तो गाडी काढतो. एकाच ब्रँडला दोन्ही गिऱ्हाइकं मिळतात आणि एकमेकांच्या किमती सहसा एकमेकांच्या नजरेला पडत नाहीत.

अंतराचा ब्रँडला आणखी एक फायदा होतो, आणि त्या दिवशी तो मी चार-पाच वेळा कानांनी ऐकला. “एवढ्या लांब आलोच आहोत, तर घेऊन टाकू. परत कोण येणार इथे?” हे वाक्य पहिल्यांदा भाऊ म्हणाला, मग वहिनी, आणि शेवटी पुतण्याने तर ते ट्रायल रूमच्या रांगेत चक्क आपल्या बाजूचा मुद्दा म्हणून वापरलं. काकू एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या बरीच वर्षं मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होत्या. महिन्याची यादी आधी घरी लिहायची आणि सगळ्यांनी मिळून माल मागवायचा, ही त्यांची शिस्त. यादीत नाही ती वस्तू त्यांच्या लेखी दुकानात नसतेच.

यादी होती ती अशी: भावाला लग्नात घालायला बूट, पुतण्याला पळायचे बूट, भावाला दोन शर्ट, वहिनीला दोन कुर्ते, एक मोठी ट्रॉली बॅग, पाहुण्यांसाठी चादरी-टॉवेल. साड्या यादीत नव्हत्या. त्या राम मारुती रोडवर आणि दादरला आधीच झाल्या होत्या, आणि आउटलेट मॉलमध्ये त्या मिळाल्याही नसत्या. लग्नाची खरी खरेदी अजून तरी या मॉलच्या हातात गेलेली नाही.

एका फळीवर तीन प्रकारचा माल

कारखान्याच्या दाराशी उरलासुरला माल विकायचा, अशी या दुकानांची सुरुवात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग गावी १९७० च्या दशकात व्हीएफ या कपड्यांच्या कंपनीने आपल्या जुन्या गिरणीच्या आवारात अशी विक्री सुरू केली. आजच्या आउटलेट मॉलचं मूळ तिकडे शोधतात. तेव्हा माल एकाच जातीचा होता: उरलेला किंवा थोडा बिघडलेला. आज त्याच फळीवर तीन जाती बसतात. गेल्या हंगामाचा शिल्लक माल, ज्यात कापडाची प्रत उत्तम पण साइज तुटलेले. किरकोळ दोष असलेले नग, ज्यांना बाजारात ‘सेकंड्स’ म्हणतात. आणि तिसरा, मुळात आउटलेटमध्ये विकण्यासाठीच बनवलेला माल, जो पूर्ण किमतीच्या दुकानात कधी गेलाच नाही. अमेरिकेत २०१४ साली चार लोकप्रतिनिधींनी तिथल्या व्यापार आयोगाला पत्र लिहून या तिसऱ्या मालाबद्दलच विचारणा केली होती: जो माल कधी पूर्ण किमतीला विकला गेला नाही, त्यावर ‘मूळ किंमत’ कशी छापता?

तिन्ही जातींवर पाटी एकच असते, ‘६०% पर्यंत सूट’. त्यातलं ‘पर्यंत’ किती बारीक असतं ते लांबून कळत नाही. तेव्हा कुठली वस्तू कुठल्या जातीची, एवढं ओळखता आलं तर टक्क्यांकडे बघायची फारशी गरज उरत नाही.

बूट: खोक्यावरची तारीख

भावाला काळे बूट आवडले. एमआरपी ५,९९९, साठ टक्के सूट, म्हणजे २,३९९ रुपये ६० पैसे. पायात घालून चार पावलं चालला, खूश. विकणारा मुलगा पडघ्याचाच होता, बोलायला गोड. “सर, एकदम फ्रेश पीस आहे.” मी खोका मागितला. बंद खोक्यातल्या वस्तूवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं वैधमापनाच्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे, म्हणजे २०११ च्या नियमांप्रमाणे, बंधनकारक आहे. छापलेली तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची होती. सोल पॉलियुरेथेनचा, ज्याला दुकानात ‘पीयू’ म्हणतात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं. पीयूचा सोल हलका, मऊ आणि घालायला सुखाचा. पण हवेतल्या दमटपणाने त्यातले रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात. बूट घातला काय आणि खोक्यात ठेवला काय, ही प्रक्रिया चालूच राहते. काही वर्षांनी सोल आधी चिकट होतो, मग भेगाळतो, आणि एक दिवस चालता चालता त्याचे तुकडे पडतात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात गोदामात तीन-चार चातुर्मास काढलेला पीयूचा बूट म्हणजे आयुष्य बरंच खर्चून झालेला बूट. घरात जपून ठेवलेले ‘लग्नाचे बूट’ दुसऱ्या लग्नात, ऐन मांडवात टाच सोडतात, त्यामागचं कारण बहुधा हेच. रबरी सोलला हा आजार असा नसतो. पळायच्या बुटांच्या सोलमध्ये वापरतात तो ईव्हीए फोम वयाने कडक होत जातो, पण असा भुगा होत नाही.

मी मुलाला एवढंच विचारलं की याच मापात रबरी सोलचं काही आहे का. तो भावाकडे बघून हसला आणि म्हणाला, “सर, खरं सांगू का, हा लॉट गोडाऊनमधून तसाच आलाय. थांबा, आत बघतो.” आतून आलेला जोड एमआरपी ४,९९९, सूट पन्नास टक्के, सोल रबरी, तारीख त्याच वर्षीची. साठ सोडून पन्नासवर यायला भाऊ जरा नाखूशच होता. साठ टक्के सोडवत नव्हते त्याला.

याच बुटाच्या बिलात हिशेब तपासणाऱ्याला मौज वाटावी असं काहीतरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपडे आणि पादत्राणांवर नगाला किंवा जोडीला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे, आणि तो एमआरपीवर न लागता विक्रीच्या किमतीवर लागतो. हा बूट ४,९९९ ला विकला असता तर त्यातले ७६२ रुपये कराचे असते. २,४९९ रुपये ५० पैशांना विकला तेव्हा कर उरला ११९ रुपये. म्हणजे ‘सूट’ म्हणून दाखवलेल्या अडीच हजारांतले साडेसहाशेच्या जवळपास रुपये ब्रँडच्या खिशातून गेलेच नाहीत, ते कराचा टप्पा उतरल्यामुळे आले. पाटीवर पन्नास टक्के, पण ब्रँडला सोसावे लागले चव्वेचाळीस. यात लबाडी काही नाही, कायदाच तसा आहे. पण २,५०० च्या किंचित खालच्या किमती आता इतक्या का दिसतात, याचा उलगडा यातून होतो.

तोच बूट एका अ‍ॅपवर ३,२९९ ला मिळत होता. खरी बचत आठशे. पुतण्याच्या बुटांचं थोडक्यात: एमआरपी ७,९९९, निम्म्या किमतीला घेतले, ब्रँडच्या स्वतःच्या वेबसाइटवर त्याच कोडचे ४,३९९ ला होते. बचत चारशे. खोक्यावरचा कोड आणि बुटाच्या जिभेखालच्या लेबलावरचा कोड जुळतो का, तेवढं त्याच्याकडून बघून घेतलं. मांडलेले बूट आणि खोके गर्दीत सर्रास अदलाबदल होतात.

शर्ट: सगळे साइज, सगळे रंग

दिवसभरात सगळ्यात जास्त पैसे गेले ते इथे, आणि ते गेले हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुकानात शिरतानाच पाटी: तीन घ्या, दोन मोफत. एमआरपी प्रत्येकी २,४९९. एकटा शर्ट घेतला तर तीस टक्के सूट. यादीत दोन शर्ट होते. ते तसे घेतले असते तर ३,४९८ रुपये ६० पैसे झाले असते. घेतले पाच, ७,४९७ रुपयांना. वहिनीने पटकन भागाकार केला: “अहो, पंधराशेला एक पडतोय, दोनच घेऊन साडेसतराशेने कशाला घ्यायचे?” प्रत्येक शर्टमागे अडीचशे वाचले हे खरंच. पण ते वाचवण्यासाठी जवळपास चार हजार रुपये यादीबाहेर गेले.

हे झालं संख्येचं. मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. शर्टांच्या थप्प्या पाच रंगांत लागलेल्या आणि प्रत्येक रंगात ३८ पासून ४६ पर्यंत एकूणएक साइज हजर. हंगामातून उरलेला माल असा कधीच नसतो. उरतो तेव्हा ३८ चा ढीग असतो, नाहीतर ४६ चा. ४० आणि ४२ सगळ्यात आधी उडतात. रंगही ज्याला कुणी हात लावला नाही तो उरतो, शेवाळी नाहीतर गडद मोरपंशी. जिथे सगळे साइज आणि पांढरा-आकाशीसारखे सर्वमान्य रंग पोटभर मिळतात, तिथे तो माल त्या दुकानासाठीच शिवलेला असण्याची शक्यता दाट.

घरी आल्यावर टॅग पाहिले. कोडची सुरुवातच ठाण्यातल्या दुकानातल्या शर्टांपेक्षा वेगळी. कापड साठ टक्के सुती, चाळीस टक्के पॉलिएस्टर. दिसायला अगदी तसाच ठाण्यातला शर्ट शंभर टक्के सुती. आतल्या पट्टीवर जादा बटण नाही, शिवणीचे टाके लांब. उत्पादनाची तारीख तर टॅगवर नव्हतीच, आणि त्यात नियमभंगही नाही: सुट्या, उघड्यावर मांडून विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना २०२२ पासून महिना-वर्ष छापण्याच्या सक्तीतून मोकळीक आहे. बुटाचं वय खोका सांगतो, शर्टाचं सांगायला कोणी नाही.

आउटलेटसाठी वेगळा माल बनवणं हा गुन्हा नाही. पंधराशे रुपयांना मिश्र कापडाचा नीटस शर्ट ही वाईट खरेदीही नाही. गोखले रोडवर त्या जातीचा शर्ट त्याच्या आगेमागे मिळतो. आक्षेप आहे तो २,४९९ या आकड्याला. आपल्याकडे एमआरपी म्हणजे वरची मर्यादा, जिच्या पलीकडे विकता येत नाही. ती निर्मात्याने स्वतः ठरवायची. त्या किमतीला एक तरी नग विकला गेला का, हे टॅग सांगत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये, माल सर्वसाधारणपणे ज्या किमतीला विकला जातो तिच्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरलं आहे. पण तसं सिद्ध करायला विक्रीची आकडेवारी लागते आणि ती कंपनीकडे असते. म्हणून शर्टांची बचत माझ्या वहीत शून्य.

कुर्ते आणि दीडशे रुपये

कुर्ते मात्र खरे शिल्लक मालातले होते. तीच छपाई वहिनीने मागच्या वर्षी ठाण्यात २,९९८ ला पाहून सोडून दिली होती. इथे निम्म्या किमतीला, पण तीनच साइज उरलेले. तिचा निघाला हे नशीब. काउंटरवर बिल आलं ३,१४७ रुपये ९० पैसे. दोन कुर्त्यांचे २,९९८ आणि वर पाच टक्के कर.

वहिनी तिथे जी उभी राहिली ती हललीच नाही. “टॅगवर सर्व करांसहित लिहिलंय ना? मग सूट दिल्यावर कर वेगळा कसा झाला?” काउंटरवरच्या मुलीने पाटीच्या कोपऱ्यात बोट दाखवलं, ‘कर अतिरिक्त’. मागे रांग वाढत होती, भाऊ “जाऊ दे ना” म्हणत होता. मॅनेजर आला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने व्हॅटच्या काळातल्या अशाच प्रकरणात जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं आहे की एमआरपीत कर धरलेला असतो, आणि त्यावर सूट जाहीर करून मग वेगळा कर लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी एवढं बोललो आणि गप्प बसलो. मॅनेजरने वाद घातला नाही. बिल रद्द करून २,९९८ चं दिलं. ज्या सफाईने दिलं, त्यावरून हा प्रश्न त्या दिवशी त्याला पहिल्यांदाच विचारला गेला असेल असं वाटलं नाही. आमच्या मागचं गिऱ्हाईक हे सगळं ऐकूनही कर भरून निघून गेलं.

याच काउंटरवर मोबाइल नंबर मागितला. पुतण्या पटकन सांगणार, तेवढ्यात काकूंनी त्याला कोपर मारलं. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना केलेली आहे. नंबर दिला नाही म्हणून बिल अडलं नाही. नव्या मॉलच्या दारातल्या लकी ड्रॉच्या पेटीत मात्र लोक नाव, जन्मतारीख, नंबर, उत्पन्नाचा गट असं सगळं लिहून स्वखुशीने टाकत होते.

बॅग

ट्रॉली बॅगेवर सत्तर टक्के सूट. एमआरपी ९,८००, किंमत २,९४०. बिलाच्या मते एकट्या बॅगेने ६,८६० रुपये वाचवले. तेवीस हजारांतला सगळ्यात मोठा तुकडा हाच. हीच बॅग, हाच रंग, ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात ३,२०० ला. बचत २६० रुपये. ट्रॉली बॅगा पूर्ण एमआरपीला विकत घेणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

काकूंचा कप्पा

चादरी-टॉवेलांचं दुकान मॉलच्या मागच्या टोकाला, गर्दी कमी. तिथे ‘सेकंड्स’ असं स्पष्ट लिहिलेला एक कप्पा होता आणि त्यापुढे काकू तासभर रमल्या. दिवसातला सगळ्यात प्रामाणिक कप्पा तोच: दोष आहे हे आधीच सांगितलेलं, तो शोधायचा तेवढा तुम्ही.

काकूंनी एकेक चादर उलगडून उजेडासमोर धरली. धागा तुटून उभी रेघ गेलेली चादर बाजूला, कारण ती रेघ धुण्यागणिक रुंदावते. विणकामातली गाठ किंवा किनारीला रंग हलका उतरलेला असेल तर चालेल. किनार गादीखालीच जाते. लांबी त्यांनी हाताने मोजली आणि एक चादर पॅकेटवर लिहिल्यापेक्षा टीचभर आखूड निघाली, ती परत ठेवली. टॉवेलाचा फासा ओढून बघितला, सैल असेल तर नको. वहिनी म्हणाली, “आई, किती बघताय, सगळ्या सारख्याच आहेत.” काकू म्हणाल्या, “सारख्या असत्या तर इथे कशाला आल्या असत्या?”

बिल १,८६० रुपये. जांभळी नाक्यावर त्याच प्रतीचा माल घ्यायला अडीच हजारांच्या वर, माझ्या अंदाजाने २,७६० लागले असते. शेजारच्या दुकानात प्रेशर कुकरवरही चांगली सूट होती, पण भांड्याच्या कडेला बारीकसा चेप. काकूंनी हातही लावला नाही. घरगुती कुकरला आयएस २३४७ हे मानक सक्तीचं आहे, पण झाकण जिथे बसतं तिथे चेप पडल्यावर कागदावरच्या मानकाचा काय उपयोग? चादरीचा दोष दिसतो तेवढाच असतो, कुकरचा दोष शिटी होईपर्यंत कळत नाही.

उरलेले ६४० रुपये सनस्क्रीन आणि मोज्यांचे. सनस्क्रीनची मुदत पाच महिन्यांनी संपत होती. रोज लावणाऱ्याला तेवढ्यात ट्यूब संपते, म्हणून ठीक. दोनशे वाचले.

वहीतला हिशेब

बुटांचे आठशे, पळायच्या बुटांचे चारशे, कुर्त्यांचे बाराशे (ठाण्यात सेलमध्ये तसे कुर्ते तीस टक्के सुटीने मिळतात, ती किंमत धरून), बॅगेचे २६०, चादरींचे नऊशे, किरकोळ दोनशे. एकूण ३,७६०. पेट्रोल आणि पार्किंग मिळून ५७० वजा. राहिले ३,१९०. फूड कोर्टाचे १,४६० मी धरले नाहीत. रविवारी हे कुटुंब बाहेर जेवतंच, आणि मिसळ बेताची असली तरी भूक खरी होती.

तीन हजार काही कमी नाहीत. पण ते कुठून आले पाहा. जिथे वस्तूची आधीची विक्रीची किंमत कुणाला तरी माहीत होती (कुर्ते), किंवा दोष डोळ्यांना दिसत होता (चादरी), तिथे निम्म्याहून जास्त फायदा झाला, आणि या दोन्हींवर सूट होती पन्नासच टक्के. सत्तर टक्क्यांच्या बॅगेने २६० दिले. ‘मोफत’ शर्टांनी काहीच दिलं नाही, उलट तीन हजारांच्या बचतीवर चार हजारांची जादा खरेदी चढवली.

भावाला हे पटलं नाही. शर्ट लागतातच, वर्षभरात वापरले जातील, असं त्याचं म्हणणं. त्यातही तथ्य आहे; त्याची नोकरी अशी की शर्ट खरोखरच लागतात. म्हणून ते चार हजार मी तोटा म्हणून न लिहिता ‘यादीबाहेर’ या रकान्यात लिहिले.

एक शर्ट परत

पुढे दहा-बारा दिवसांनी पहिल्या धुण्यात गडद निळ्या शर्टाची काखेतली शिवण उसवली. बिलावर छापलं होतं: बदल पंधरा दिवसांत, फक्त याच दुकानात, पैसे परत नाहीत. एका शर्टासाठी पुन्हा साठ किलोमीटर आणि साडेचारशेचं पेट्रोल. जे अंतर किंमत उतरवतं, तेच वस्तू परत करायची वेळ आली की दुकानदाराच्या मदतीला येतं. बहुतेक जण इथेच नाद सोडतात.

वहिनीने सोडला नाही. मन बदललं म्हणून वस्तू परत घ्यायला दुकान बांधील नाही, पण सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, हे त्याच कलम २(४७) मध्ये अनुचित प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. त्यामुळे ‘पैसे परत नाहीत’ हे छापील वाक्य सदोष शर्टापुरतं टिकत नाही. तिने उसवलेल्या शिवणीचा आणि बिलाचा फोटो काढून टॅगवरच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवला. दुकानातून फोन आला. त्यांचं म्हणणं, हा शर्ट ‘दोन मोफत’मधला आहे, त्याचे पैसे घेतलेच नाहीत, तर परत काय करणार?

युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण बिलावर पाच ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीत एमआरपी २,४९९, सूट ९९९ रुपये ६० पैसे, किंमत १,४९९ रुपये ४० पैसे. शून्य रुपयांची ओळ एकही नाही. दुकानाने स्वतःच सूट पाचांत सारखी वाटली होती आणि कर प्रत्येक ओळीवर धरला होता. मोफत म्हणून पाटी लावायची, विकलं म्हणून बिल करायचं आणि परत करताना पुन्हा मोफत म्हणायचं, हे तिन्ही एकदम जमत नाही. वहिनीने हेच वाक्य जवळजवळ असंच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवताना सांगितलं.

त्यानंतर कंपनीने शर्ट न्यायला कुरिअरवाला घरी पाठवला, आणि काही दिवसांनी भावाच्या यूपीआयवर १,४९९ रुपये ४० पैसे जमा झाले. उरलेल्या चार शर्टांच्या काखा काकूंनी त्याच दुपारी घरच्या मशीनवर दुहेरी मारून घेतल्या.